पासवर्डची मुदत आणि आपली अमानत

शिष्यवृत्तीचे अर्ज पडताळण्याचा तो शेवटचा दिवस होता. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा होता आणि आम्ही दोघे शिक्षक कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. तेवीस मुलामुलींचे अर्ज पालकांनी वेळेत भरले होते. शाळेच्या लॉगिनमधून एकेक अर्ज तपासून पुढे पाठवणे एवढेच आमचे काम बाकी होते. पासवर्ड टाकला आणि पडद्यावर सूचना आली : पासवर्डची मुदत संपली आहे, नवा पासवर्ड तयार करा.

नवा पासवर्ड करायला ओटीपी लागतो आणि तो ओटीपी गेला धुळ्याला. आमच्या आधी हे काम पाहणारे सर दीड वर्षापूर्वी धुळ्याच्या शाळेत गेले होते. पोर्टलवर मोबाईल नंबर मात्र अजून त्यांचाच होता. फोन लावला तर सर एसटीत, पारोळ्याच्या पुढे, आवाज तुटत होता. धुळे स्टँडवर उतरल्यावर त्यांचा फोन आला तेव्हा पहिला ओटीपी शिळा झाला होता. दुसरा मागवला.

"सर, आता जो आकडा आला तो सांगता का?"

"सांगतो. पण वर्गात तुम्हीच शिकवता ना, ओटीपी कुणाला सांगायचा नाही म्हणून?"

तेही हसले, आम्हीही हसलो. पण रात्री बारा वाजता पोर्टल बंद झाले तेव्हा एकोणीस अर्ज गेले होते आणि चार राहिले होते. चारही मुलींचे. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एकीची अम्मी शाळेत आली आणि एवढेच म्हणाली, "सर, आम्ही तर फॉर्म टाइमावर भरला होता." आमच्याकडे उत्तर नव्हते. चूक पोर्टलची नव्हती, पालकांची नव्हती. आमची होती.

त्यानंतर आम्ही या पासवर्डच्या मुदतीचा थोडा अभ्यास केला. जे कळले ते प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

कॉम्प्युटरला पासवर्ड लावण्याची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सुरू झाली. एकच मोठे यंत्र अनेकजण वापरत, प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला आपला गुप्त शब्द मिळाला. पुढे विचार आला की, हा शब्द कुणी चोरला आणि आपल्याला पत्ताच लागला नाही तर? मग ठरावीक दिवसांनी तो बदलायला लावावा, म्हणजे चोरलेला शब्द कायमचा कामाला येणार नाही. मुदतीचा उगम हा असा आहे आणि हेतू चांगलाच आहे.

आपल्याकडेही असा नियम झाला. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा असावा, ४५ दिवसांतून एकदा तरी बदलावा आणि चिठ्ठीवर लिहून चिकटवू नये, असे त्यांत सांगितले होते.

पण माणूस कसा वागतो ते पाहा. पासवर्ड 'जळगाव@१' असेल तर पुढच्या वेळी 'जळगाव@२', मग 'जळगाव@३'. आम्हीही हेच करत होतो. नियम पाळल्याचे समाधान मिळते, पण ज्याला जुना पासवर्ड माहीत आहे त्याला नवा ओळखायला कितीसा वेळ लागणार? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये हेच तपासले. तिथे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलणे सक्तीचे होते. साडेसात हजारांहून जास्त जुन्या खात्यांचे पासवर्ड त्यांनी अभ्यासले. जुना पासवर्ड हाती असेल, तर शंभरातल्या सतरा खात्यांचा नवा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आतच सापडत होता.

म्हणून जगातले मत बदलले. अमेरिकेच्या प्रमाण ठरवणाऱ्या 'निस्ट' या सरकारी संस्थेसाठी २००३ मध्ये पासवर्डचे नियम लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये एका वृत्तपत्राला सांगितले की, आपण लिहिलेल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी निस्टने सल्ला दिला की, उगाच ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, तो फुटल्याचे कळले तर मात्र लगेच बदला. मायक्रोसॉफ्ट कंपनीनेही २०१९ मध्ये विंडोजच्या आपल्या सुरक्षा शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली. आधी तिथे ६० दिवस लिहिलेले होते.

मग मुदतीचा नियम मोडायचा का? नाही. ज्या ठिकाणी नियम आहे तिथे तो पाळायचाच. फक्त तारीख पाळली म्हणजे पासवर्ड सांभाळला, हा गैरसमज सोडायचा. आपला पासवर्ड आज कुणाकुणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न आहे.

याची किंमत आपल्या समाजाने मोजली आहे. २०२० साली झारखंडात अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा घोटाळा वृत्तपत्रांतून उघड झाला, तेव्हा शाळांचे लॉगिन आणि पासवर्ड दलालांच्या हाती गेल्याचे समोर आले. पुढे केंद्रीय अल्पसंख्याक मंत्रालयाने देशातल्या १,५७२ संस्था तपासल्या. त्यांतल्या ८३० संस्था बनावट, अंशतः बनावट किंवा बंद पडलेल्या निघाल्या. पाच वर्षांत १४४ कोटींहून जास्त रक्कम चुकीच्या हाती गेली होती. २०२३ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. संस्थाप्रमुख व शाळेचे काम पाहणारा शिक्षक यांना बोटांचे ठसे देणेही सक्तीचे झाले. हा पैसा गरीब घरच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा होता.

आता आपल्या घराकडे येऊ. गल्लीतल्या ऑनलाईन सेंटरवर आपण फॉर्म भरायला जातो. पासवर्ड तोच ठरवतो, त्याच्याच वहीत लिहितो, कधी मोबाईल नंबरही त्याचाच टाकतो. तो माणूस प्रामाणिकच असेल. पण पुढच्या वर्षी त्याने दुकान बंद केले किंवा नंबर बदलला तर? मुदत संपल्यावर ओटीपी त्याच्याकडे जाईल आणि आपण आमच्यासारखे पडद्यासमोर बसून राहू. म्हणून काही गोष्टी आजच कराव्यात.

पहिली गोष्ट, प्रत्येक फॉर्मवर नंबर घरातल्याच माणसाचा द्या, आणि जे सिम बंद पडणार नाही तोच नंबर द्या. सिम बदलले तर त्याच आठवड्यात सगळीकडे नंबर बदला.

दुसरी, सेंटरवर फॉर्म भरून झाला की घरी येऊन पासवर्ड स्वतः बदला. दहावीतला मुलगा किंवा मुलगी हे पाच मिनिटांत करून देईल.

तिसरी, पासवर्ड लांब ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, जसे केळी, शिडी, चष्मा, पाऊस. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा आणि पोर्टल मागत असेल तर एक आकडा व एक चिन्ह जोडा. छापलेले हे शब्द मात्र घेऊ नका, आपले निवडा. बदलायची वेळ आली की शेवटचा आकडा वाढवू नका, चारही शब्द नवे घ्या.

चौथी, बँकेचा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरू नका. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

पाचवी, मुदत संपण्याआधी आठवडाभर मोबाईलवर आठवण लावून ठेवा. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी पासवर्ड बदलायची वेळ कुणावरही येऊ नये.

शाळा, मदरसे, पतसंस्था, जमातीचे ट्रस्ट चालवणाऱ्यांना एक जादा विनंती. माणूस बदलला की आपण चार्ज घेतो. जनरल रजिस्टर, हजेरीपट, डेड स्टॉक रजिस्टर, कपाटाच्या चाव्या, सगळे मोजून सही करून घेतो. लॉगिन मात्र त्या यादीत नसते. आमच्या शाळेत आता आहे. कोणते पोर्टल, नंबर कुणाचा, मुदत केव्हा संपते, हे चार्जच्या कागदावर लिहिले जाते. जाणाऱ्याने सही केली की येणारा त्याच दिवशी नंबर आणि पासवर्ड दोन्ही बदलतो. नवा पासवर्ड बंद पाकिटात, हेडमास्तरांच्या कुलपातल्या कपाटात राहतो. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला मिळाली तर ती अमानत असते, हे आपल्याला लहानपणापासून घरात शिकवले जाते. तेवीस मुलांचे अर्ज ज्या एका शब्दामागे बंद असतात, तो शब्दही अमानतच आहे.

पुढच्या वर्षी आम्ही शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी लॉगिन उघडून पाहिले. सगळे अर्ज गेले. त्या चौघींपैकी तिघींचे अर्ज त्यात होते. चौथीने तोवर शाळा सोडली होती. कारण फक्त शिष्यवृत्तीच होती असे आम्ही म्हणणार नाही, घरच्या अडचणी अनेक होत्या. पण त्या अडचणींत एक आमची होती, हे आम्हाला माहीत आहे.