विभाजित शहरातील फुटबॉल क्लब : मोस्तारच्या ‘वेलेझ’चा सामाजिक-ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

क्रीडा ही समाजजीवनाचा आरसा आहे, असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु समाजच दुभंगला असता त्या आरशात काय दिसते, याचा विचार मात्र फारसा केला जात नाही. बोस्निया आणि हर्झेगोविना या देशातील मोस्तार हे नेरेत्वा नदीकाठचे शहर या दृष्टीने अभ्यासनीय आहे. 1566 साली ओटोमन राजवटीत बांधलेला तेथील दगडी पूल जगप्रसिद्ध आहे. 9 नोव्हेंबर 1993 रोजी हा पूल तोफांच्या माऱ्याने पाडण्यात आला आणि 2004 मध्ये पुन्हा उभारण्यात आला. पूल परत आला. परंतु त्याच युद्धात शहराच्या फुटबॉल क्लबने जे गमावले ते परत आले नाही. ‘वेलेझ’ या क्लबच्या वाटचालीचा आढावा घेणे आणि त्या आधारे वांशिक विभाजन व नागरी संस्था यांचा संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उद्दिष्टे :

1. वेलेझ क्लबच्या बहुवांशिक स्वरूपाची ऐतिहासिक कारणे समजून घेणे.
2. युद्धानंतर या स्वरूपात झालेल्या बदलांचा आढावा घेणे.
3. सामायिक संस्था टिकण्यासाठी आवश्यक असलेल्या परिस्थितीचा विचार करणे.

क्लबची स्थापना आणि जडणघडण :

वेलेझची स्थापना 1922 साली कामगारांचा क्लब म्हणून झाली. शहरालगतच्या वेलेझ पर्वतावरून त्याला हे नाव मिळाले. तत्पूर्वीच्या क्लबांची ओळख बहुधा वांशिक होती. वेलेझने मात्र वर्ग हा आधार स्वीकारला. मुसलमान, क्रोएट आणि सर्ब कामगार एकाच संघात खेळू लागले. क्लबच्या डाव्या विचारसरणीमुळे 1940 साली तत्कालीन युगोस्लाव राजवटीने त्यावर बंदी घातली. दुसऱ्या महायुद्धात क्लबचे अनेक सदस्य फॅसिस्टविरोधी लढ्यात सहभागी झाले. त्यामुळे 1945 नंतरच्या समाजवादी युगोस्लावियात वेलेझला केवळ क्रीडासंस्थेहून अधिक प्रतिष्ठा प्राप्त झाली. क्लबच्या बोधचिन्हातील लाल तारा हे त्याचेच द्योतक होय.

1970 चे दशक हा क्लबचा वैभवकाळ मानला जातो. आघाडीचा खेळाडू दुशान बायेविच, गोलरक्षक एन्वेर मारिच आणि मधल्या फळीतील फ्रान्यो व्लादिच या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्यांना एका प्रसिद्ध जर्मन मोटारीच्या नावाशी साधर्म्य असलेले टोपणनाव मिळाले होते. या तिघांपैकी बायेविच सर्ब, मारिच बोस्नियाक, तर व्लादिच क्रोएट. 1974 च्या विश्वचषक स्पर्धेत तिघेही युगोस्लावियाच्या संघात होते. 1973-74 च्या हंगामात वेलेझचे गुण विजेत्या हायदुक स्प्लिटइतकेच होते. केवळ गोलफरकामुळे विजेतेपद हुकले. पुढील हंगामात युएफा चषकात डर्बी काउंटीविरुद्ध पहिला सामना 1-3 असा गमावल्यानंतर मोस्तारमध्ये 4-1 असा विजय मिळवून संघाने उपउपांत्य फेरी गाठली. 1981 आणि 1986 मध्ये क्लबने मार्शल टिटो चषक जिंकला. या यशामुळे संपूर्ण शहराला ‘आपले’ म्हणता येईल असे एक नाव लाभले होते.

या काळातील शहराची रचनाही लक्षात घ्यावी लागेल. 1991 च्या जनगणनेनुसार मोस्तारची लोकसंख्या 1,26,628 होती. त्यांपैकी मुसलमान (आजचे बोस्नियाक) व क्रोएट प्रत्येकी सुमारे 34 टक्के, तर सर्ब सुमारे 19 टक्के होते. विशेष म्हणजे सुमारे 10 टक्के नागरिकांनी स्वतःची नोंद ‘युगोस्लाव’ अशी केली होती. कोणत्याही एका वांशिक रकान्यात स्वतःला न बसवणारा हा वर्ग आणि वेलेझसारखा क्लब ही एकाच सामाजिक वास्तवाची दोन रूपे होती.

सलोख्याची दुसरी बाजू :

तथापि, या सलोख्याचे मूल्यमापन करताना एक बाब दुर्लक्षून चालणार नाही. 1905 साली मोस्तारमध्ये क्रोएट समाजाचा ‘झ्रिन्यस्की’ हा क्लब स्थापन झाला होता. क्रोएशियन सरदार घराण्याचे नाव धारण करणारा हा क्लब दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या अंकित असलेल्या क्रोएशियन राज्याच्या स्पर्धेत खेळला. या कारणास्तव 1945 मध्ये नव्या राजवटीने त्यावर बंदी घातली. ही बंदी समाजवादी राजवटीच्या अखेरपर्यंत कायम राहिली. म्हणजेच, ज्या काळात वेलेझ हा सर्वांचा क्लब होता, त्या काळात दुसरा पर्याय उभा राहण्यास शासनाची मुभा नव्हती. वेलेझच्या मैदानावरील मैत्री खोटी होती, असा याचा अर्थ नव्हे. मात्र ती एका विशिष्ट राज्यव्यवस्थेच्या आधारावर उभी होती, हे मान्य करावे लागते. बंदी घातलेल्या क्लबची आठवण घरोघरी जपली गेली आणि व्यवस्था कोसळताच ती उफाळून वर आली.

युद्ध आणि मैदानाचा प्रश्न :

1992 मध्ये झ्रिन्यस्कीची पुनर्स्थापना झाली. त्याच वर्षी मोस्तारवर सर्ब फौजा आणि युगोस्लाव सैन्याचा मारा झाला. मे 1993 पासून तोवर एकत्र लढणाऱ्या क्रोएट व बोस्नियाक फौजांमध्येच युद्ध पेटले. मार्च 1994 मध्ये वॉशिंग्टन करार झाला, तेव्हा शहराचा पश्चिम भाग क्रोएट आणि पूर्व भाग बोस्नियाक असा विभागला गेला होता. सर्व समाजांच्या खेळाडूंनी ज्या बियेली ब्रियेग मैदानावर वेलेझचे नाव मोठे केले, ते पश्चिम भागात होते. ते झ्रिन्यस्कीचे मैदान झाले. वेलेझला शहराच्या उत्तरेकडील व्रापचिची या उपनगरातील लहान मैदानाचा आश्रय घ्यावा लागला.

मैदानाबरोबर प्रेक्षकही विभागले गेले. पश्चिमेकडील क्रोएट प्रेक्षक झ्रिन्यस्कीकडे वळला. सर्ब प्रेक्षक तर बहुतांशी शहर सोडून गेला होता. क्लबने आपली बहुवांशिक परंपरा कधीही नाकारली नाही. परंतु उर्वरित शहर त्याच्याकडे ‘बोस्नियाकांचा क्लब’ म्हणून पाहू लागले. संस्थेने घटनेत बदल न करताही तिची ओळख अशा रीतीने बाहेरून बदलली गेली.

दोन क्लब, एक शहर :

2000 साली बोस्नियाक व क्रोएट क्लबांची संयुक्त लीग सुरू झाली आणि दोन्ही क्लब पुन्हा समोरासमोर आले. या सामन्यांना मोठ्या पोलीस बंदोबस्ताची गरज भासते. 2011 मध्ये तर वेलेझने अखेरच्या क्षणी गोल केल्यावर झ्रिन्यस्कीचे समर्थक मैदानात घुसले. खेळाच्या दृष्टीने झ्रिन्यस्की पुढे गेला. 2005 मध्ये त्याने प्रथम राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तर 2023 मध्ये युरोपीय स्पर्धेच्या गटफेरीत पोहोचणारा तो देशातील पहिला क्लब ठरला. वेलेझनेही 2022 मध्ये, आपल्या शताब्दी वर्षात, राष्ट्रीय चषक जिंकला.

हे विभाजन केवळ फुटबॉलपुरते नाही. शहरात दोन स्वतंत्र विद्यापीठे आहेत. मतदानाच्या नियमांवर पक्षांचे एकमत न झाल्याने 2008 नंतर थेट डिसेंबर 2020 पर्यंत येथे नगरपालिकेची निवडणूकच होऊ शकली नाही. 2013 च्या जनगणनेत क्रोएट सुमारे 48, बोस्नियाक 44 आणि सर्ब अवघे 4 टक्के होते. नोकरी, पदे व प्रतिनिधित्व यांची मोजणी वंशानुसार होत असताना एकट्या क्लबकडून एकात्मतेची अपेक्षा करणे अवास्तव ठरते.

निष्कर्ष :

वेलेझच्या इतिहासातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, बहुवांशिक संस्था केवळ सद्भावनेवर उभी राहत नाही. तिला समान कामाची, समान जागेची आणि अनुकूल राज्यव्यवस्थेची जोड लागते. दुसरी, एका गटाच्या स्मृतीवर बंदी घालून साधलेली एकता त्या बंदीइतकीच टिकते. तिसरी, सामायिक संस्थेची जागा गेली की तिचे सर्वसमावेशक स्वरूप कागदावर उरते. पुलाचे दगड जुळवणे हे स्थापत्याचे काम होते आणि ते पूर्ण झाले. दोन्ही काठांवरील प्रेक्षक एकाच बाजूला बसतील अशी जागा निर्माण करणे हे नागरी जीवनाचे काम आहे. ते मोस्तारमध्ये अद्याप व्हावयाचे आहे. आणि त्याचा आरंभ फुटबॉलच्या मैदानापेक्षा शाळा, विद्यापीठ व नगरपालिका यांतून होणे अधिक संभवनीय वाटते.