चौदा निवाडे आणि पंधरावा

गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी अमेरिकेहून जबलपूरला आली होती. बडा फुहारा ह्या आमच्या गजबजलेल्या बाजारात उसाचा रस पिताना ती आपल्या हायस्कूलातील अमेरिकन शासनाच्या प्रगत अभ्यासक्रमाविषयी सांगू लागली. त्यात चौदा निवाडे सक्तीचे; परीक्षेत एखादा नवा निवाडा देऊन त्याची त्यांतील एकाशी तुलना करावयास सांगतात. पद्धत मला आवडली. कलमे पाठ करून शासन कळत नाही. सरकारी नोकरीतही ते पुरते कळत नाही, हे निराळे!

चौदांत १८०३ चा ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ आहे. घटनाविरोधी कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार तेथे न्यायालयाने उचलला. मी तिला पंधरावा दिला : ‘एडीएम जबलपूर’. शीर्षकात नाव आमच्याच पेशातील एका हुद्द्याचे, अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याचे. आणीबाणीतील स्थानबद्धांना दाद मागता येते, असे येथील उच्च न्यायालयाने मानले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक मतांनी फिरविले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. बहुमतात पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ साली तो निवाडा रद्द ठरविणारे प्रमुख निकालपत्र त्यांच्याच चिरंजीवांनी लिहिले.

“काका, म्हणजे मधली एक्केचाळीस वर्षे तोच कायदा होता?”

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्यासाठी दाद मागण्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित केला, हे मी सांगितले. निवाडा मात्र तसाच राहिला होता, हेही सांगावे लागले.