‘बघू, तुला जमतो का!’

आमच्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक होतं. त्याआधी भोंगा लावलेली गाडी गल्लीबोळातून फिरते. नाटक अजून कोणी पाहिलेलं नसतं, तरी भोंगा ऐकून लोक तिकीट काढतात. व्हिडिओ गेमचंही तसंच आहे. पण त्यात एक गंमत आहे. ‘आमचा साबण वापरायला फार अवघड आहे,’ अशी जाहिरात कुणी करील का? अवघड गेमवाले मात्र करतात!

२००९ साली जपानमध्ये ‘डेमन्स सोल्स’ नावाचा गेम आला. बनवला होता फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने. पावलोपावली मरायचं आणि बरंच मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची, असा तो खेळ. सोनी कंपनीने जपानमध्ये तो बाजारात आणला, पण अमेरिकेत विकायचं टाळलं. तिथे तो ॲटलस या दुसऱ्याच कंपनीने नेला. ज्यांना जमला ते मित्रांना सांगत सुटले आणि गेमचं नाव झालं. मग २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’ आला, तेव्हा विकणारे शहाणे झाले होते. अवघडपणा लपवायचा कशाला? तोच मिरवायचा! घोषवाक्य काय, तर ‘मरायला तयार राहा’. पुढे २०२२ मध्ये याच फ्रॉमसॉफ्टवेअरच्या ‘एल्डन रिंग’च्या तीनेक आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या.

यात नवल नाही. ‘हे गणित चौथीला सुटायचं नाही,’ एवढं फळ्याजवळ नुसतं पुटपुटलं, की मागच्या बाकावरचेसुद्धा वह्या उघडतात.

कधी भोंग्यावाचूनही जमतं म्हणा. व्हिएतनामच्या डोंग गुयेन या तरुणाने एकट्याने बनवलेला ‘फ्लॅपी बर्ड’ २०१३ साली आला आणि कित्येक महिने पडून राहिला. २०१४ च्या सुरुवातीला तो एकाएकी जगभर गाजला. पण असं क्वचितच घडतं.

आपल्या पुण्याचंच बघा. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ हा गेम करायला घेतला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत, लढत निघालेल्या मुलीची ही गोष्ट. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवर लोकांकडे पैसे मागितले, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. १८ ऑगस्ट २०२० ला निन्टेन्डो या बड्या जपानी कंपनीने आपल्या कार्यक्रमात ‘राजी’ दाखवला आणि त्याच दिवशी तो विक्रीलाही आला. मेहनत पुण्याची, भोंगा जपानचा! त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये नव्या कंपन्यांच्या पहिल्या गेमसाठी असलेल्या बक्षिसाच्या यादीत त्याचं नाव लागलं.

आता आईच्या मोबाईलवर मध्येच येणाऱ्या जाहिराती आठवा. एक हात खुंट्या ओढत असतो आणि नेमकी चुकीचीच ओढतो. तुम्ही ओरडता, ‘अरे, ती नाही, दुसरी!’ आणि बोट डाउनलोडवर जातं. तो हात मुद्दाम चुकतो, बरं का. ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या गेमच्या अशा जाहिरातींवर ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे तक्रारी गेल्या. जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत, असं म्हणून २०२० मध्ये त्या संस्थेने त्यांना मनाई केली. कारण गेम उघडला की समोर यायच्या त्या सारखी चित्रं जुळवायच्या पाट्या. खुंट्यांचं कोडं बरंच खेळल्यावर मध्येच कधीतरी भेटायचं.