वाघिणीवरचा गंज

कर्जतला फलाटावर उभं राहून मालगाड्या बघत बसणं ही माझी जुनी सवय. घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकांकडे आधी नजर जाते. लोणावळ्याहून खाली येताना उतार १:३७ चा. ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासत राहतात, लोखंडाची बारीक पूड उडते, जिथे बसते तिथे गंजते. चाकांजवळ वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, गडद तपकिरी असते, वर जावं तशी ती पूड विरळ होते. घरी टेबलावर पाच इंची वाघीण रंगवायला घेतली की हेच बघितलेलं कामी येतं.

मॉडेल रेल्वेच्या छंदात नव्या डब्याला उन्हापावसातून फिरून आल्यासारखं रूप देण्याला वेदरिंग म्हणतात. मला तर हाच या छंदाचा गाभा वाटतो. गाडी किती झोकात धावते यापेक्षा ती कुठून आली, काय वाहून आली, हे तिच्या अंगावर दिसायला हवं.

सुरुवातीला असं काही कुणाच्या मनात नव्हतं. १८९१ साली मेर्क्लिन या जर्मन कंपनीने लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापांचे रूळ आणि त्यावर धावणाऱ्या गाड्या मांडल्या. पुढे नवनवे रूळ, नवे डबे जोडत जाता येईल, ही त्यातली खरी कल्पना. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबींनी मेकॅनोपाठोपाठ १९२० मध्ये गाड्या काढल्या. पत्र्याची, तकतकीत रंगांची ती खेळणी होती आणि ती तशीच असावीत असं सगळ्यांना वाटे.

धूळ आणि जुनेपणा यांची गोडी अनेकांना लावली ती कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या जॉन अ‍ॅलन यांनी. पेशाने ते छायाचित्रकार. घराच्या तळघरात त्यांनी ‘गोरी अँड डिफीटेड’ ही काल्पनिक रेल्वे वर्षानुवर्षं वाढवत नेली. काजळलेली इंजिनं, विटलेल्या फळ्यांची गोदामं, आणि या सगळ्यावर नेमका प्रकाश पाडून काढलेले फोटो. ते मासिकांतून छापून आले आणि छंदाची नजरच बदलली. जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन गेले. त्यानंतर दहाच दिवसांनी लागलेल्या आगीत त्यांची बहुतेक रेल्वे जळाली. आज आपल्यापाशी मुख्यतः फोटोच उरले आहेत, आणि ते बघताना अजूनही जीव हळहळतो.

इंग्लंडमधलं पेंडन संग्रहालय मात्र शाबूत आहे. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला आणि व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स भागातल्या खेड्यांच्या प्रेमात पडला. जुनी घरं डोळ्यांदेखत बदलत होती. ती छोट्या आकारात तरी राहावीत म्हणून त्याने काम सुरू केलं आणि १९५४ पासून लाँग विटनहॅम गावात त्याचं संग्रहालय उभं राहत गेलं. पुठ्ठ्यावर दगड न दगड कोरून जलरंगांनी रंगवलेल्या भिंती तिथे आहेत. हँबुर्गला ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये उघडलेलं मिनियाटूर वुंडरलँड अवाढव्य आहे, थक्क करतं. पण मला विचाराल तर मी पेंडनलाच झुकतं माप देईन.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे अंधार होऊन छोटे छोटे दिवे लागतात तेव्हा पोरांच्या बरोबरीने आईवडीलही काचेला नाक लावतात. एका माणसाच्या वेडातून शहराला केवढं मोठं काही मिळतं!

भारतीय रेल्वे छोटी करायची तर एक अडचण कायमची. जगभर चालणाऱ्या १:८७ या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे मिळतात. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, म्हणजे त्या प्रमाणात १९ मिलिमीटरहून थोडी जास्त. आपला डबा त्या रुळांवर अंमळ पसरट दिसतो. काही जण हट्टाने स्वतः रूळ घडवतात. मी तयार रूळच वापरतो आणि ती कसर रंगकामात भरून काढतो. अंतरही असंच आखडावं लागतं. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, ते १:८७ मध्येही ३२० मीटर भरतात. एवढी खोली कुणाच्या घरात असणार? मग एक बोगदा, एक पूल, एक वळण निवडायचं. उतार मात्र जसाच्या तसा घेता येतो. १:३७ लहान केला तरी १:३७ च राहतो.

आता वाघीण. माझ्या पहिल्या वाघिणीला मी सगळीकडे सारखा गंज लावला. ती जुनी दिसेना, नुसती तपकिरी दिसू लागली. गंज रंगाचा टवका उडतो तिथून सुरू होतो: दाराच्या बिजागरीपाशी, कोपऱ्यावर, रिव्हेटभोवती. तिथून पावसाबरोबर त्याचा ओघळ सरळ खाली उतरतो. म्हणून कुंचलाही नेहमी वरून खाली. आधी मॅट वार्निशचा हात, म्हणजे प्लॅस्टिकची चकाकी जाते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे दोन थेंब. हे द्रावण खाचांत आपणहून जाऊन बसतं. शेवटी मऊ रंगीत खडू पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड जुन्या कुंचल्याने चाकांजवळ दाबायची. वाफेचं इंजिन असेल तर सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली क्षारांचे पांढरे ओघळ हवेत.

रुळांच्या कडा गंजलेल्या, पण माथा लख्ख ठेवायचा. खऱ्या रुळाचा माथा चाकं घासून चकाकतो. इथे तर इंजिनाला वीज रुळातूनच मिळते, रंगाचा ठिपका राहिला की गाडी तिथेच अडते. खडी पसरून तिच्यावर पाणी घातलेलं फेविकॉल सोडायचं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे ते खडीवर न गोळा होता आत मुरतं. स्थानकात इंजिन थांबतं तिथली खडी तेलाने काळवंडलेली दाखवायची.

खऱ्या वाघिणीवर दुरुस्तीची तारीख रंगवताना तेवढाच चौकोन नव्याने रंगवतात. बाकी अंग मळलेलं आणि मध्येच एक स्वच्छ तुकडा. म्हणून वेदरिंगआधी मी तेवढ्या जागेवर चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावतो. शाई, पूड, सगळं वाळलं की चिमट्याने तो अलगद सोलून काढतो.