विजेवरील वाहनांची चार्जिंग केंद्रे आणि खेडेगाव

विजेवर चालणारी वाहने आता केवळ शहरांपुरती राहिलेली नाहीत. दूध संकलन केंद्राकडे जाणाऱ्या दुचाकीपासून बाजार समितीत भाजीपाला नेणाऱ्या तीनचाकी मालगाडीपर्यंत ती खेड्यांच्या रस्त्यांवरही दिसू लागली आहेत. त्यांचा प्रसार पुढे किती होईल, हे वाहनाच्या किमतीइतकेच ते वाटेत व मुक्कामी कोठे चार्ज करता येईल यावर अवलंबून राहील. डिझेल संपले तर डब्यातून आणता येते. वीज तशी आणता येत नाही. म्हणून सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसंबंधी शासनाचे धोरण गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. त्या धोरणातून खेड्याच्या वाट्याला आपोआप काय येते आणि काय येत नाही, हे त्यांनी विशेषेकरून पाहावयास हवे.

या धोरणाचा पाया १३ एप्रिल २०१८ रोजी घातला गेला. विद्युत अधिनियम, २००३ प्रमाणे विजेचे वितरण करण्यास परवाना लागतो. मग दुसऱ्याच्या गाडीची बॅटरी चार्ज करून पैसे घेणे ही विजेची विक्री मानावयाची की काय, असा प्रश्न होता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने त्या दिवशी स्पष्ट केले की, ही विक्री नसून सेवा आहे व तिला परवान्याची गरज नाही. पिठाची गिरणी चालविणारा जसा वीज विकत नाही, तर वीज वापरून धान्य दळून देतो व दळणावळ घेतो, तसाच हा प्रकार होय. या एका खुलाशामुळे दुकानदार, सहकारी संस्था, बचत गट अथवा एखादा शेतकरी, कोणासही तांत्रिक व सुरक्षिततेच्या अटी पाळून चार्जिंग केंद्र काढण्याची मोकळीक मिळाली. पुढे १४ डिसेंबर २०१८ रोजी पहिल्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत २०१९ व २०२२ मध्ये सुधारणा झाल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या सूचना प्रसृत करण्यात आल्या.

केंद्रे कोठे असावीत याचा हिशेब या सूचनांत अंतराने केलेला आहे. २०२२ च्या सूचनांत शहरांतील दर ३ किलोमीटर लांब व ३ किलोमीटर रुंद चौकोनात एक केंद्र आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांस दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असे प्रमाण होते. २०२४ च्या सूचनांनी ते अधिक दाट केले. शहरी भागात २०३० पर्यंत १ किलोमीटरच्या चौकोनात एक, महामार्गावर दर २० किलोमीटरला एक आणि लांब पल्ल्याच्या व अवजड वाहनांसाठी दर १०० किलोमीटरवर एक, असे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्र शासनाचे २०२५ चे विद्युत वाहन धोरण महामार्गांवर २५ किलोमीटरचे अंतर धरते. २० की २५ हा भेद खेड्याच्या दृष्टीने गौण आहे. गौण नाही ती गोष्ट अशी की, शहरासाठी चौकोन आखला गेला, महामार्गासाठी मैलाचे दगड ठरले, परंतु महामार्गापासून आत १५-२० किलोमीटरवर असलेल्या गावासाठी तसे कोणतेही प्रमाण बांधून दिलेले नाही.

पैशाचा ओघही त्याच दिशेने आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांपैकी २,००० कोटी रुपये चार्जिंग केंद्रांसाठी राखून ठेवले आहेत. त्यातून चारचाकींसाठी २२,१००, बसगाड्यांसाठी १,८०० आणि दुचाकी-तीनचाकींसाठी ४८,४०० जलद चार्जर बसवावयाचे आहेत. वर्दळ जेथे अधिक तेथे ते प्रथम बसणार हे उघड आहे आणि त्यात गैर असे काही नाही. शासन आज ना उद्या गावात मोठे यंत्र उभे करून देईल, या आशेवर मात्र गावाने थांबून राहू नये.

किंबहुना तसले यंत्र गावास मानवणारेही नाही. खेड्यात सामान्यतः ६३ किंवा १०० केव्हीए क्षमतेचे रोहित्र असते. मोटारगाडीचा ६० किलोवॅटचा एक जलद चार्जर चालू केला की ६३ केव्हीएचे रोहित्र त्या एकट्यानेच जवळजवळ पूर्ण भरते. घरांतील दिवे, गिरणी व पाणीपुरवठ्याचा पंप यांना काही उरत नाही. उलट ३.३ किलोवॅटचे तीन सॉकेट मिळून भार १० किलोवॅटच्या आसपास जातो आणि तो बहुतेक रोहित्रांस पेलतो. सुदैवाने खेड्यातील वाहनांस एवढेच पुरते. १० युनिट क्षमतेची बॅटरी असलेल्या तीनचाकी मालगाडीस, चार्ज होताना वाया जाणारी वीज धरून, ११ ते १२ युनिट लागतात व साडेतीन तासांत ती अशा सॉकेटवर भरते. दुचाकीस त्याहून पुष्कळ कमी वीज पुरते. तिचा स्वतःचा लहान चार्जर घरच्या सॉकेटवर चार-पाच तासांत काम उरकतो.

हे काम कोणत्या वेळी करावयाचे, यातही लाभ-हानी आहे. २०२४ च्या सूचनांप्रमाणे सार्वजनिक केंद्राचा वीजदर सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि एरवी १.३ पट असावा, अशी योजना आहे. पुरवठ्याचा खर्च युनिटला ७ रुपये धरला, तर दुपारी ४ रुपये ९० पैसे आणि रात्री ९ रुपये १० पैसे असा तो फरक पडतो. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो, तेव्हा देयकावरील आकार पाहूनच हिशेब मांडावा. तथापि या व्यवस्थेचे धोरण शेतमालाच्या वाहतुकीस अनुकूल आहे. पहाटे भाजी घेऊन गेलेली गाडी अकराच्या सुमारास परत येते व दुपारी उभीच असते. तेव्हाच ती लावली, तर वीज स्वस्त मिळते आणि दिवेलागणीच्या वेळी रोहित्रावर ताण येत नाही.

केंद्र काढू इच्छिणाऱ्याने प्रथम गावातील गाड्या मोजाव्यात. समजा, तीन सॉकेट दररोज प्रत्येकी तीन तास चालले. सुमारे ३० युनिट वीज खपली. विजेचा खर्च वजा जाता युनिटमागे ४ रुपये उरले, तर दिवसाला १२० व महिन्याला ३,६०० रुपये होतात. त्यातून जागेचे भाडे, देखभाल व कर्जाचा हप्ता भागवावयाचा. दिवसाला एकच मालगाडी आली तर ४०-४५ रुपयांवर समाधान मानावे लागेल. केवळ यासाठी माणूस बसविणे परवडत नाही. किराणा दुकान, गिरणी, दूध संकलन केंद्र किंवा विकास संस्थेचे गोदाम, जेथे माणूस असतोच, तेथे जोडधंदा म्हणून हे काम शोभते. कर्ज काढून स्वतंत्र केंद्र बांधण्याचा सल्ला आज तरी कोणत्याही लहान गावास देता येणार नाही.

जागेच्या बाबतीत २०२२ च्या सूचनांत घालून दिलेला पायंडा ग्रामपंचायतींनी ध्यानात घेण्यासारखा आहे. सरकारी जागा केंद्रासाठी देताना ठोक भाडे न आकारता खपलेल्या युनिटमागे १ रुपया घ्यावा, अशी ती पद्धत आहे. धंदा चालला तर पंचायतीस मिळते. न चालला तर चालविणाऱ्याच्या गळ्याला फास बसत नाही.

आता ज्या गोष्टीत शेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते, तिच्याकडे वळू. विहिरीवर कृषिपंपाची जोडणी आहे व वीज स्वस्त आहे, तेव्हा गाडी तेथेच लावावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेवरील ट्रॅक्टरचाही समावेश असल्याने हा मोह पुढे वाढण्याचाच संभव आहे. परंतु कृषिपंपाची जोडणी पंपासाठी मंजूर झालेली असते. तिच्यावर वाहन चार्ज करणे म्हणजे मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर होय. विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते आणि वापर केव्हापासून चालू होता हे निश्चित करता आले नाही, तर तपासणीपूर्वीच्या १२ महिन्यांची होते. चार-सहा रुपये वाचविण्यासाठी वर्षभराचे दुप्पट देयक ओढवून घेण्यात शहाणपण नाही. स्वतःची गाडी घरच्या जोडणीवर चार्ज करण्यास मात्र पूर्ण मुभा आहे. मंजूर भार अपुरा असेल तर तेवढा वाढवून घ्यावा. पुष्कळ घरांची जोडणी दिवे व पंखे यांच्यापुरतीच असते आणि तिच्यावर ३.३ किलोवॅटचे यंत्र लावल्यास तारा तापतात.

गावात केंद्र निघत असेल, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने वीज कार्यालयाकडे अर्ज जाण्यापूर्वी दोन गोष्टी समक्ष पाहाव्यात. रोहित्रावर संध्याकाळी किती भार असतो, याची वायरमनकडे चौकशी करावी. दुसरे, जमिनीत पुरलेली अर्थिंगची व्यवस्था व ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडणारे गळतीरोधक यंत्र बसविलेले आहे की नाही, हे पाहावे. पावसाळ्यात ओल्या हाताने प्लग लावणाऱ्याचा जीव या दोहोंवरच असतो. सॉकेट पागोळीखाली नसावे व छातीएवढ्या उंचीवर असावे. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून ग्रामीण भागात १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत जोडणी मिळावयास हवी. अर्जाची तारीख घातलेली पोच घेऊन ती जपून ठेवावी, म्हणजे मुदत टळल्यास तक्रार निवारण मंचापुढे ती दाखविता येते.