केबल बदलली, कान तेच!

‘‘ऐक, ऐक... तबला कसला उघडलाय बघ!’’

हिंजवडीतल्या मित्राच्या फ्लॅटवर शनिवारी संध्याकाळी मी जोरजोरात मान डोलावली. खरं सांगू? मला काहीही वेगळं ऐकू आलं नव्हतं. पण पठ्ठ्याने बोनसमधले अठरा हजार स्पीकरच्या केबलवर उडवले होते. अशा वेळी तोंड उघडायची कुणाची हिंमत? शिवाय तीच केबल घ्यायची म्हणून मीही एका मोठ्या स्टोरीच्या चेकची वाट बघत होतो.

शेवटी त्याच्या रूममेटलाच कामाला लावलं. आम्ही पाठ करून बसायचं, त्याने गुपचूप जुनी नाहीतर नवी केबल जोडायची, तुकडा तोच. पहिल्याच फेरीत आम्ही दोघं एकदम ओरडलो, ‘‘नवी!’’ होती जुनीच. रूममेटचा हात लागून आवाज जरासा वाढला होता, इतकंच. आपल्या कानाला किंचित मोठं ते ‘चांगलं’ वाटतं, त्यामुळे आवाज तंतोतंत सारखा नसेल तर तुलनेला काही अर्थच नाही.

मग आवाजाचं बटण टेप लावून चिकटवलं आणि दहा फेऱ्या केल्या. त्याचे सहा बरोबर, माझे चार. नाणं उडवलं असतं तरी साधारण हेच आलं असतं! मित्राचं तोंड एवढंसं झालं.

मोठ्या प्रमाणावर असंच घडलंय. मेयर आणि मोरान यांचा प्रयोग 2007 मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. हाय-रेझोल्यूशन आवाज आणि तोच आवाज सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमधून गाळून. 554 चाचण्या, बरोबर उत्तरं 276. वाद तिथे मिटला नाही. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी 18 प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा फरक कळतो असं दिसलं, पण अगदी थोडा. कान तयार असलेल्यांना जरा जास्त.

गंमत म्हणजे मेयर-मोरान यांनाही त्या हाय-रेझ डिस्क ऐकायला बऱ्याचदा सरस वाटल्या होत्या. कारण? त्यांचं रेकॉर्डिंग-मास्टरिंग जास्त मन लावून केलेलं होतं. उलट उदाहरण मेटालिकाच्या 2008 च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चं. सीडीवर आवाज इतका दाबून मोठा केलेला, की फॅन्सनी तक्रारअर्ज काढला. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये मोकळी वाजत होती! अशा सीडीला सोन्याची केबल लावा, काय फरक पडणार?

एवढं झाल्यावर माझं लक्ष खोलीकडे गेलं. चकचकीत टाइल्स, उघडी काच, स्पीकर कोपऱ्यात कोंबलेले, सोफा मागच्या भिंतीला चिकटून. कोपऱ्यात बेस फुगतो, कडक भिंतींवरून आवाज उसळतो आणि सगळा खिचडा होतो. स्पीकर दोन फूट पुढे ओढले, सोफाही सरकवला, जमिनीवर सतरंजी आणि काचेवर मित्राच्या आजीची गोधडी.

तोच तुकडा पुन्हा लावला. स्वयंपाकघरात मॅगी करणारा रूममेट हातात झारा घेऊन बाहेर आला, ‘‘काय बदललं रे?’’

केबल मित्राने परत केलेली नाही. दिसायला भारी आहे म्हणतो. रविवारी आम्ही जाड पडदे बघायला लक्ष्मी रोडला गेलो.

माझा चेक अजून आलेला नाही. या वेळी बरंच झालं म्हणायचं.