ब्रिटनचा निकाल नेमका काय म्हणतो?

‘ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं ट्रान्स स्त्रियांचे सगळे हक्क काढून घेतले.’ ‘बरं झालं, तिथं कुणीही उठून स्त्री होत होतं.’ १६ एप्रिल २०२५च्या निकालावरचे हे दोन शेरे आपल्याकडेही कानावर येतात. दोन्ही चूक.

आधी दुसरा शेरा घेऊ. नुसत्या स्वयंघोषणेवर कायदेशीर ओळख बदलण्याची सोय ब्रिटनमध्ये कधीच नव्हती. २००४च्या कायद्यानं लिंगओळखीचा दाखला मिळतो. पण त्यासाठी वय १८ पूर्ण हवं, ‘जेंडर डिस्फोरिया’चं वैद्यकीय निदान हवं, निवडलेल्या ओळखीनं दोन वर्षं जगल्याचे पुरावे हवेत. शेवटचा शब्द एका समितीचा. (शस्त्रक्रियेची अट मात्र पहिल्यापासूनच नाही, हे वाद घालणारे सोयीनं विसरतात.) प्रतिज्ञापत्रावर काम भागतं ते शेजारच्या आयर्लंडमध्ये, २०१५पासून.

मग स्कॉटलंड? तिथल्या संसदेनं डिसेंबर २०२२मध्ये ८६ विरुद्ध ३९ मतांनी विधेयक मंजूर केलं खरं. निदानाची अट काढली, वय १६वर आणलं, दोन वर्षांचे तीन महिने केले. पण पुढच्याच महिन्यात लंडनच्या सरकारनं १९९८च्या स्कॉटलंड कायद्याचं ३५वं कलम पहिल्यांदाच वापरून ते अडवलं. ते एक दिवसही अमलात आलं नाही. त्याच सुमारास बलात्कारात दोषी ठरलेल्या एका ट्रान्स स्त्रीला महिला तुरुंगात ठेवल्यावरून गदारोळ झाला आणि खापर या विधेयकावर फुटलं. खरं तर ती रवानगी तुरुंग खात्याच्या तेव्हाच्या पद्धतीनुसार झाली होती. लोकांची काळजी रास्त होती. दोष मात्र भलत्यालाच दिला गेला.

आता निकाल. कोर्टापुढचा प्रश्न मोजकाच होता: २०१०च्या समानता कायद्यात ‘स्त्री’ म्हणजे कोण? दाखला मिळालेली ट्रान्स स्त्री त्यात येते का? पाचही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, नाही. तिथं जैविक लिंगच अभिप्रेत आहे. २००४चा कायदा रद्द झाला नाही, दाखलेही रद्द झाले नाहीत. ट्रान्स व्यक्तींना भेदभाव आणि छळापासून समानता कायद्यानं दिलेलं संरक्षण शाबूत आहे, आणि त्यासाठी दाखलाही लागत नाही. हा एका गटाचा दुसऱ्यावर विजय समजू नका, असं निकाल वाचताना लॉर्ड हॉज यांनी बजावलं होतं. ते फारसं कुणी ऐकलं नाही.

मतभेद खोटे नाहीत. अत्याचारातून सुटलेल्या स्त्रियांच्या आश्रयगृहात कुणाला प्रवेश असावा, हा काही संघटनांचा प्रश्न खरा आहे. दुसरीकडे, वर्षानुवर्षं स्त्री म्हणून जगलेल्या, दाखला बाळगणाऱ्या व्यक्तीला या निकालानंतर आपल्या दाखल्याचा उपयोग तरी काय असं वाटतं, तेही खरं. घोळ होतो तो दोन प्रश्न एकत्र कालवल्यानं. दाखला कसा मिळावा हा एक, दाखल्यानं काय मिळावं हा दुसरा. दाखल्याची वाट सोपी असावी असं मानणारा माणूस तुरुंगासाठी वेगळा नियम मागू शकतो, त्यात विसंगती नाही. २०२५चा निकाल दुसऱ्या प्रश्नाचा. स्वयंघोषणेचा वाद पहिल्याचा.

आपल्याकडच्या चर्चेत हा निकाल पुरावा म्हणून फेकणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: त्या न्यायाधीशांनी ब्रिटनच्या एका कायद्यातल्या शब्दांचा अर्थ लावला, आणि तो भारतातल्या कुठल्याही न्यायालयावर बंधनकारक नाही.